गाडाभर पाणी

केळझरला सिद्धिविनायकाच्या टेकडीखाली एक घर. तिथल्या सूनबाईचा भाऊ फौजेत. शिमग्याला आला तेव्हा त्यानं कालिम्पाँगहून बेगोनियाचे तीन कंद आणले. अक्रोडाएवढे, तपकिरी, एका अंगाला खळगा. सोबत फोटो: बशीएवढं केशरी फूल.

दोन कंद तिनं त्याच दिवशी कुंड्यांत लावले आणि सकाळ-संध्याकाळ लोटाभर पाणी घालू लागली. तिसरा मामाजींनी मागून घेतला. कडुनिंबाखाली बेण्याची हळद झाकून ठेवलेली होती, तिच्याशेजारी कोरड्या वाळूत पुरला. हळद वायगावची, २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेली. पाला पिवळा पडला की तिचं पाणी तोडायचं, खणायची, बेणं सावलीत ठेवायचं आणि मृगापर्यंत त्याला डिवचायचं नाही, हे त्यांनी जन्मभर केलेलं.

पंधरवड्यात कुंडीतला एक कंद कुजला. डोळे खळग्यात असतात आणि पाणी नेमकं तिथंच साचत होतं. दुसऱ्याला चार पानं आली. एप्रिलच्या उन्हात ती उकडलेल्या पालकासारखी लोळली. या झाडाचं माहेर अँडीजच्या थंड, ढगाळ उतारांवर; वर्ध्याचं ऊन त्याला सोसायचं कसं? सूनबाईनं पाणी दुप्पट केलं. तोही गेला.

मामाजी म्हणाले, "बकासूर याच गावचा म्हणतात. म्हणून का साऱ्याइलेच गाडाभर खाऊ घालतं?"

केळझर म्हणजेच एकचक्रानगरी, असं गाव मानतं. त्यामुळे टोमणा समजावून सांगावा लागला नाही. सूनबाई दोन दिवस बोलली नाही.

पाऊस लागून हवा गार झाली, तेव्हा मामाजींनी वाळूतला कंद तिच्या हातात दिला. खळगा वर. पालापाचोळा कुजवलेली भुसभुशीत माती. पाणी कडेकडेनं, तेही माती सुकल्यावरच. कुंडी पडवीत, पावसाचे सपकारे लागणार नाहीत अशी. भाद्रपदात फूल आलं. मधे दाट पाकळ्यांचं नर फूल, दोन्ही अंगांना साधी मादी फुलं. बशीएवढं नव्हे, फार तर रुपयाएवढं. खरं सांगायचं तर शेजारणींना बोलावून दाखवावं असं त्यात काही नव्हतं. तरी तिनं बोलावलं.

कार्तिकात पानं पिवळी पडू लागली. दिवस लहान झाले की हे झाड फुलणं सोडतं आणि सगळं बळ कंदात साठवतं. सूनबाई भरला लोटा घेऊन कुंडीपाशी आली, वाकली. मामाजी ओट्यावरच होते. काही बोलले नाहीत. ती तशीच उभी राहिली, मग जाऊन लोटा तुळशीत रिकामा केला.

शेवटचं पान गळल्यावर तिनं कंद काढला, माती झटकली आणि कडुनिंबाखालच्या वाळूत पुरला. हळद अजून शेतातच होती. त्या सावलीत यंदा पहिली जागा बेगोनियानं धरली.