गुळाची ढेप

‘कसा आहेस रे?’ एवढंच लिहिलं आणि खोडलं. ‘बऱ्याच दिवसांनी...’ लिहिलं, तेही खोडलं. समोर ओट्यावर आबा पावट्याच्या शेंगा सोलत बसले होते. चौथ्यांदा खोडल्यावर त्यांनी विचारलं, “कुणाला एवढा घाबरतोयस?”

मी सांगितलं. हिंजवडीतली नोकरी जाऊन तीन महिने झालेत. पोर्टलवर अर्ज टाकून टाकून बोटं दुखली, उत्तरं येतात ती यंत्राची. कॉलेजातला एक मित्र चांगल्या कंपनीत आहे. त्यानं आतून नाव सुचवलं, रेफर केलं, तर अर्ज निदान माणसाच्या नजरेखालून जाईल. पण सहा वर्षांत आमचं बोलणं नाही. मध्ये त्याचे वडील गेले. मला स्टेटसवरून कळलं. मी जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं आणि मीटिंगला गेलो.

“मग अडलंय कशात? नोकरी मागण्यात, की तेव्हा फोन केला नाहीस त्यात?”

“नोकरी मागण्यात. मैत्री काय नोकरीसाठी असते, आबा?”

“मग कशासाठी असते? चहा प्यायला?” त्यांनी एक किडकी शेंग अंगणात भिरकावली. “आमच्यात मळणीला सावड असायची. आज सगळे माझ्या खळ्यावर, उद्या तुझ्या. त्याला कुणी मैत्रीचा वापर म्हणत नव्हतं. पण ज्याच्या खळ्यावर तू कधी फिरकला नाहीस, त्याला ऐन मळणीला हाक मारायला तोंड उघडत नाही. तुझं तिथं अडलंय.”

पटलं, पण अर्धंच. पुस्तकात तर उलटं लिहिलंय, मी म्हटलं. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं बॉस्टनजवळच्या न्यूटनमध्ये नोकरी बदललेल्यांना विचारलं होतं, तुम्हाला ही नोकरी कुणाकडून कळली? 1973 सालचा त्याचा निबंध अजून शिकवतात. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी जेमतेम 17 टक्क्यांची त्या ओळखीच्या माणसाशी नेहमी गाठ पडत होती. बाकीच्यांची कधीमधी, नाहीतर क्वचितच. म्हणजे खळ्यावर न येणाराच कामाला आला की नाही?

“येणारच. पारावर रोज बसणाऱ्याला माझ्याइतकंच ठाऊक, तो नवं काय सांगणार? खबर लांबच्याकडूनच येते. पण लेका, खबर वेगळी आणि शब्द वेगळा. खबर द्यायला काही खर्च होत नाही. शब्द टाकायला पत लागते, आणि ती त्याची असते.”

हा फरक माझ्या डोक्यात कधी आला नव्हता. आमच्याकडे दोन्हीला एकच नाव, नेटवर्किंग. वर रेफर केलेला माणूस टिकला तर रेफर करणाऱ्याला कंपनी बोनस देते. हे आबांना सांगितलं, तर ते नुसतेच हसले. गिरणीत माणसं लावणाऱ्या जॉबरचीही दस्तुरी असायची म्हणाले.

आबा 1964 साली, अठराव्या वर्षी, कराडकडून मुंबईला गेले. गावकीच्या खोलीत वीस जणांत एक वळकटी. गिरणीतला जॉबर पंचक्रोशीतलाच. चुलत्यानं त्याच्या कानावर घातलं आणि आबांना बदली कामगाराचा पास मिळाला. रोज पहाटे गेटवर उभं राहायचं, कुणी खाडा केला तर काम, नाहीतर परत. हे घरात सगळ्यांना पाठ आहे. पुढचं मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

“दर दिवाळीला मी गावाकडून त्याच्यासाठी गुळाची ढेप न्यायचो. त्यानं कधी मागितली नाही, मी कधी चुकवली नाही. पर्मनंट झालो तरी ढेप चालूच. मग संप लागला.”

18 जानेवारी 1982. कामगारनेते दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले.

“आठ महिन्यांनी जॉबरचा निरोप आला, कामावर ये. तो रिटायर व्हायला टेकलेला, साहेबांना माणसं आणून दाखवायची होती. मी गेलो. मागच्या दारानं. खोलीतल्या कुणी पुढं दोन वर्षं माझ्याशी शब्द बोललं नाही.” ते बराच वेळ सोललेले दाणे चाळत राहिले. “नोकरी ओळखीनं मिळाली ह्याची मला लाज नाही. मला त्याला नाही म्हणता येत नव्हतं, ह्याची आहे. अठरा वर्षं मी ढेपच पोचवत होतो.”

मग, न विचारताच, साचाखात्याचं, म्हणजे विणकामाच्या खात्याचं निघालं. धोट्यात नवी कांडी घातली की सुताचं टोक तोंडानं ओढून घ्यावं लागायचं. त्यांच्या उष्ट्या सुताला बाकीचे हात लावणार नाहीत म्हणून दलितांना त्या खात्यात, म्हणजे जास्त पगारात, येऊच दिलं जात नव्हतं. 1928च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला होता. “माझ्या वेळी तसं कुणी तोंडानं म्हणत नव्हतं. गरजच नव्हती. जॉबर आपली माणसं आणायचा, ती आपलीच माणसं आणायची.”

“म्हणून तर पोर्टल बरं ना? तिथं ओळख चालत नाही.”

पण मलाच ते खोटं वाटलं. सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांचा 2007चा अभ्यास वाचला होता. वर्तमानपत्री जाहिरातींना सारख्याच शिक्षणाचे अर्ज, फक्त नावं वेगळी. दलित नावाला उच्चवर्णीय नावापेक्षा कमी बोलावणी आली, मुसलमान नावाला त्याहून कमी. ओळख नसली तरी आडनाव असतंच. माझं आडनाव मला आजवर कुठं आडवं आलेलं नाही, हे मी आबांना सांगितलं नाही. ते त्यांच्याकडूनच आलंय.

“मग काय करू? आधी त्याच्या वडिलांचं बोलू? आठवड्यानं नोकरीचं काढतो.”

“म्हणजे मेलेल्या माणसाचं आमिष लावणार.”

“तसं नाही...”

“तसंच आहे. दोन्ही एकदम लिही. वडिलांच्या वेळी चुकलो म्हण, आणि आज कामासाठीच लिहितोय म्हण. त्याला राग आला तर खऱ्या गोष्टीचा येऊ दे. आणि नाही म्हणायला जागा ठेव. ‘जमलं तर बघ’ नको, त्यात जागा नसते. माझं काम तू पाहिलेलं नाहीस, तेव्हा शब्द टाकू नकोस, जागा आहे का तेवढंच सांग, असं लिही.”

“पण मला शब्दच हवाय, आबा. खबर तर वेबसाइटवरच आहे.”

याला त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. मी तसंच लिहिलं, फक्त शेवटचं वाक्य बदललं: ‘माझं काम दाखवतो. बघून पटलं तरच नाव दे, नाही पटलं तर तसं सांग.’ पाठवलं.

“तुझ्याबरोबर आणखी कुणाला काढलं?”

टीममधले चौघं. त्यात हिंगोलीकडची एक मुलगी, माझ्या शेजारच्याच खुर्चीवर बसणारी. घरातली पहिलीच इंजिनियर. माझ्या फोनमध्ये तिचा नंबर ‘टेस्टिंग’ नावानं आहे. कॉलेजातला मित्र मोठ्या कंपनीत असण्याची शक्यता तिच्याकडे फारशी नसावी. मी विचारलं नव्हतं कधी.

“तिला ह्या जागेचं सांगितलं तर माझंच कमी होईल.”

“होईल की,” आबा म्हणाले, आणि शेंगांचं सूप माझ्याकडे सरकवलं.

मी डाव्या हातानं शेंग उसवायचा प्रयत्न करत उजव्या हातानं ‘टे’ टाइप केलं. आधी टेम्पोवाल्याचा नंबर आला.