विचारणें आणि कळविणें

सोलापूरची नगरपालिका १८५२ सालीं स्थापन झाली. लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्याचा ठराव त्यानंतर तीस वर्षांनीं, १८८२ मध्यें आला. १९३० सालीं याच नगरपालिकेच्या इमारतीवर राष्ट्रध्वज चढला, आणि त्याच वर्षीं मे महिन्यांत शहरास लष्करी कायदा सोसावा लागला. ज्या गांवानें स्वराज्यासाठीं एवढें मोल दिलें, तेथील रहिवाशास त्याच्या गल्लींतील पाण्याविषयीं कोणी कांहीं विचारतें कीं नाहीं, हा प्रश्न आम्हांस क्षुल्लक वाटत नाहीं.

यावर एक आक्षेप सहज घेतला जातो. नळ कोठून न्यावा हें अभियंत्याचें काम. रोग्याचें मत घेऊन वैद्य औषध ठरवीत नाहीं, मग शहराचें हित करणारानें शहराला कशासाठीं विचारावें? या आक्षेपांत तथ्य आहे, पण अर्धेंच. उजनीच्या जलाशयापासून येणारी जलवाहिनी केवढी असावी, हें शास्त्र सांगेल. परंतु पाणी पुरेसें नसतां तें आधीं कोणाला, किती दिवसांआड व कोणत्या वेळीं द्यावें, हें कोणतेंहि शास्त्र सांगत नाहीं. तो प्रश्न न्यायाचा आहे; आणि ज्याला सोसावयाचें त्याचें म्हणणें ऐकल्यावांचून केलेला निवाडा बरोबर निघाला तरी न्याय्य ठरत नाहीं. वैद्यसुद्धां कोठें दुखतें हें रोग्यालाच विचारतो.

कायद्यानेंहि हें तत्त्व मानलें आहे. १९९३ पासून अमलांत असलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीनें तीन लाख वा अधिक वस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या आवश्यक ठरविल्या. २०१६ च्या आरंभीं स्मार्ट सिटी योजनेच्या पहिल्या वीस शहरांत सोलापूरची निवड झाली, त्या योजनेंतहि नागरिकांचीं मतें घेणें अभिप्रेत होतें. परंतु २०२२ च्या मार्चांत महापालिकेची मुदत संपली, आणि पुढें तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाच्या हातीं राहिला. ज्याला विचारावयाचें, त्याचा प्रतिनिधीच त्या काळीं सभागृहांत नव्हता.

प्रतिनिधि असला म्हणजेहि सर्व झालें असें नाहीं. सकाळीं अकरा वाजतां कचेरींत भरलेल्या सभेला कोण येईल? ज्याला सवड आहे तो. यंत्रमागावर पाळी करणारा कामगार येणार नाहीं. घरीं विड्या वळणारी स्त्री येणार नाहीं, कारण हजार विड्यांचा हिशेब तिच्या मागें असतो. यांच्यापैकीं पुष्कळांच्या घरीं तेलुगू बोलली जाते, कित्येकांच्या घरीं कन्नड. मराठी सूचनाफलक लावला म्हणजे त्यांना विचारलें, असें मानणें ही आत्मवंचना होय. नळाच्या वेळेसाठीं जागणारी ही बाईच पाण्याची खरी जाणकार. तिला विचारावयाचें तर तिच्या वस्तींत, तिच्या सवडीनें व तिच्या भाषेंत विचारलें पाहिजे.

दोष मात्र एकट्या कारभाऱ्यांचा नाहीं. गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा-लेखा या लहानशा गोंड गांवची ग्रामसभा सर्वसहमतीनें निर्णय घेते. आणि तेथील गांवकरी अभ्यासगटांत बसून विषय समजून घेतात. लाखोंच्या शहरास ती रीत जशीच्या तशी लागू पडणार नाहीं, हें खरें. पण मत देण्यापूर्वीं विषय समजून घ्यावा, हा नियम गल्लीलाहि पाळतां येईल. आम्ही मात्र पाणी आलें नाहीं म्हणजे ओरडतों, आणि आलें म्हणजे विसरतों.

तेव्हां कसोट्या दोन आहेत. निर्णयापूर्वीं विचारलें काय, आणि म्हणणें मानलें नाहीं तर त्याचें कारण सांगितलें काय, ही कारभाऱ्याची. यांत जो उतरत नाहीं, तो विचारीत नाहीं, नुसतें कळवितो. आपलें ऐकून घेतल्यावर, आपली पाळी शेजारच्या पेठेच्या मागें गेली तरी तो निर्णय मनापासून पाळतों काय, ही आमची. पहिलींत कारभारी नापास झाले असें आम्ही नेहमीं म्हणतों. दुसरीला आम्ही अजून बसलोंच नाहीं.