पाण्याचं वजन

उजाडायच्या आत आसगावातून निघा. पवनी तालुक्यातल्या धानाच्या या पट्ट्याला चौरास म्हणतात. बांधाबांधानं चालत जवळच्या एखाद्या तलावाच्या पाळीवर, नाहीतर बोडीच्या, म्हणजे छोट्या तळ्याच्या, काठावर येऊन बसा. मोबाइल घरीच राहू द्या. चपला काढा, तळवे मातीला टेकवा. समुद्राची चित्रं काढणारा माणूस पाणी कसं बघतो, ते आज करून बघायचं आहे. समुद्र इथून शेकडो किलोमीटरवर आहे. असू द्या.

आधी वरवरच बघा. पाण्यात उतरलेलं आभाळ, झाडांच्या सावल्या, कमळाची पानं. थोड्या वेळानं मन म्हणेल, झालं बघून. म्हणू द्या त्याला. तुम्ही बसून राहा.

आता मासे धरणाऱ्या ढिवराकडे बघा. कंबरभर पाण्यात तो उभा आहे. जाळं खांद्यावर आहे, पण फेकायची घाई नाही. कुठं एक बुडबुडा येतो, कुठं वारा नसताना पान हलतं. तो तिकडे वळतो. जाळं हवेत गोल उघडतं आणि त्याच्या कडेचं शिसं सर्रकन पाण्यावर पडतं. पुन्हा थांबणं. जाळं तळाला बसलं की तो दोरी हळूहळू ओढायला लागतो. आत मरळ आहे की नुसता गाळ, हे त्याच्या डोळ्यांआधी बोटांना कळतं.

डोळे मिटा. ती दोरी तुमच्या बोटांत आहे असं समजा. ओली, जरा खरबरीत. दुसऱ्या टोकाला काहीतरी आहे. किती जड? जिवंत की मेलेलं? उत्तर शोधू नका. दोन-चार श्वास ते वजन नुसतं धरून ठेवा.

आता डोळे उघडा. समुद्राची चित्रं काढणारा अमेरिकन चित्रकार विन्स्लो होमर १८८३ पासून मेन राज्याच्या खडकाळ किनाऱ्यावर राहिला. गळ टाकून बसायची त्याला स्वतःलाही आवड होती. त्याच्या १८८५च्या ‘द फॉग वॉर्निंग’ या चित्रात एकटा कोळी छोट्या होडीत आहे. मागच्या बाजूला मोठाले मासे पडलेत, पुढची बाजू लाटेवर उचलली गेली आहे. वल्ही हातात धरून तो मान वळवून बघतो. लांब त्याचं जहाज आहे आणि क्षितिजावरून धुकं चढतं आहे. मासे मिळाले, पण तेच ओझं घेऊन आता जहाज गाठायचं आहे. असं वजन काठावर बसून रंगवता येत नाही. ते आधी हातांना ठाऊक असावं लागतं.

आता आपल्या जवळचा माणूस आठवा. चित्रकार वासुदेव गायतोंडे, जन्म नागपूरचा, १९२४चा. मुंबईत भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये समुद्रासमोर बसून त्यांनी काम केलं. रोलरनं रंगाचा थर द्यायचा, सुरीनं काढायचा, पुन्हा द्यायचा. वर्षाकाठी चित्रं मोजकीच होत. त्यांच्या चित्रांत होडी नाही, मासा नाही, क्षितिजसुद्धा अनेकदा नाही. तरी समोर उभं राहिलं की आपण पाण्याच्या आत बघतो आहोत असं वाटतं. पुढं ते दिल्लीला गेले. तिथं समुद्र नव्हता, तरी चित्रांतली खोली उणावली नाही.

पुन्हा डोळे मिटा. मघाच्या पाण्यातला एकच रंग निवडा. हिरवा, मातकट, राखाडी, जो आठवेल तो. त्यावर दुसरा चढवू नका. त्यातच खाली उतरत जा. वर उजेड आहे, मग गढूळ, मग गार काळोख, आणि तळाशी ती दोरी. तिला हळूच ओढा. काही आलं नाही तरी चालेल. ढिवराचंही प्रत्येक जाळं भरत नाही, तरी तो ते झटकून पुन्हा खांद्यावर घेतो.

उन्हं चढली. आता उठा. घरी रंगांची पेटी असेल तर आज तिला हात लावू नका. आठवडाभर रोज इथं येऊन बसा, मग ब्रश उचला. आणि निघताना पाण्याकडे एकदा वळून बघा. पावसाळ्यात हा तलाव किंवा बोडी भरून वाहिली की तिथलं पाणी नाल्यांतून वैनगंगेला जातं, वैनगंगेचं प्राणहितेत, प्राणहितेचं गोदावरीत, आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला मिळते.