मुद्दाम नव्हतं केलं



आजचं वाचन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १२, श्लोक १५.

भक्ताची लक्षणं सांगणाऱ्या श्लोकांमधला हा तिसरा. ज्याच्यामुळे लोकांना उद्वेग होत नाही आणि लोकांमुळे ज्याला उद्वेग होत नाही, तो भगवंताला प्रिय, असा त्याचा साधारण अर्थ. शाळेत असताना बारावा अध्याय पाठ केला होता, कारण तो लहान आहे. वीसच श्लोक. हा श्लोक तेव्हापासून तोंडात होता. डोक्यात मात्र गेल्या महिन्यात शिरला, आणि तोही मांजरांमुळे.

सध्या मी अंबाजोगाईला, घरूनच काम करतोय. ताई बाळंतपणासाठी माहेरी आलीय, सातवा महिना. घरामागे आईची परसबाग आहे, फार तर बारा बाय पंधरा फूट. तुळशीवृंदावन, मेथी-कोथिंबिरीचे दोन वाफे, कढीपत्ता, एक जास्वंद. आमच्याकडे पाण्याची काय गत असते ते बीडकरांना वेगळं सांगायला नको. आई तांदूळ-भाज्या धुतलेलं पाणी बादलीत साठवून या वाफ्यांना घालते. माती भुसभुशीत राहावी म्हणून स्वतः खुरपते. आणि नेमकी तीच माती गल्लीतल्या मांजरांना हवी असते.

हे का, ते मी नंतर वाचलं. पाळीव मांजराचे पूर्वज कोरड्या, वाळवंटी मुलखातले. सुटी, कोरडी माती दिसली की उकरायचं, विधी उरकायचा आणि वर माती ओढायची, हे त्यांच्या रक्तातच आहे. म्हणजे त्यांच्या हिशेबानं ती स्वच्छताच पाळतात. पण सकाळी तुळशीला पाणी घालायला गेलेल्या आईच्या हाताला मातीखाली काय लागतं, याच्याशी त्या हिशेबाचा संबंध नसतो.

त्यात ताईच्या डॉक्टरांनी सांगून ठेवलेलं: मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा नावाच्या परजीवीचा संसर्ग होऊ शकतो. गरोदरपणात तो पहिल्यांदा झाला तर बाळापर्यंत पोचू शकतो. मातीत हात घालू नका, घालायचाच तर हातमोजे, पालेभाजी नीट धुवून. त्यामुळे ही नुसती किळस नव्हती. घरात खरी भीती होती, आणि मांजरांना वाफ्यापासून लांब ठेवणं हे माझं कामच होतं. त्याबद्दल मला आजही अपराधी वाटत नाही. मी ते ज्या पद्धतीनं केलं, ती मात्र खटकते.

आमच्या शेजारच्या मावशी संध्याकाळी पायरीवर दूध-भाकरी कुस्करून ठेवतात. चार-पाच मांजरं ठरलेली, त्यात एक करडं पिल्लू. जेवण त्यांच्या पायरीवर आणि बाकीचं सगळं आमच्या वाफ्यात! पुण्य त्यांच्या खात्यात, खुरपं आमच्या हातात, असं मी आईला म्हणालोसुद्धा. आई म्हणाली, "लेकराबाळाचं घर हाय, मांजरीला काही करू नको. सटवाईचं वाहन हे ते." आणि मग ते नेहमीचं, मांजर मेलं तर काशीला सोन्याचं मांजर द्यावं लागतं. मी हसलो. इंजिनिअर माणूस ना.

एका शनिवारी संध्याकाळी मी काळं फिनाईल आणलं आणि दोन्ही वाफ्यांच्या कडेनं, भिंतीलगत, सढळ हातानं ओतलं. वास उग्र, मांजरं येणार नाहीत, प्रश्न मिटला. मनात काय होतं ते प्रामाणिकपणे सांगतो: "आता बघतोच कशी येते." हे वाक्य कुणाशी बोलल्यासारखं आहे बघा. जणू तो बोका मला ओळखतो, आमच्या तुळशीला ओळखतो आणि मुद्दाम तिथेच बसतो.

सोमवारी सकाळी मावशी पिल्लाला ओढणीत गुंडाळून जनावरांच्या डॉक्टरकडे घेऊन गेल्या. तोंडातून लाळ गळत होती, जीभ लाल झालेली, दूधही घेत नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं ते असं: मांजर पायाला काही लागलं की चाटून साफ करतं, आणि फिनाईलमधल्या फिनॉलसारख्या द्रव्यांचा निचरा करायची ताकद मांजराच्या यकृतात फार कमी असते. माणसाच्या किंवा कुत्र्याच्या शरीराला थोडं झेपतं, तेवढंही मांजराला झेपत नाही. परत आल्यावर मावशींनी मला विचारलं, "तू टाकलं का रे काही?"

मी म्हणालो, "मुद्दाम काही नाही, मावशी. फरशी पुसायला आणलं होतं, तेच सांडलं असेल."

पिल्लू वाचलं. पाचव्या दिवशी दूध प्यायला लागलं. पण माझं ते वाक्य तिथेच राहिलं.

मंडळी, इथे मला लवूळ आठवलं. माजलगाव तालुक्यातलं, आमच्याच जिल्ह्यातलं गाव. डिसेंबर २०२१ मध्ये ते जगभरच्या बातम्यांत होतं. वानरं कुत्र्यांची पिल्लं उचलून झाडांवर, छपरांवर नेत होती. वर नेलेलं पिल्लू खाली उतरणार कसं आणि खाणार काय? पिल्लं मरत होती. कुणी दोनशे-अडीचशे म्हणालं. आणि लगेच गोष्ट तयार झाली: कुत्र्यांनी वानराचं पिल्लू मारलं, म्हणून वानरांनी सूड उगवला. मोबाइलवर मीम्स फिरले, 'गँगवॉर' म्हटलं गेलं. शेवटी वन विभागानं दोन वानरं पकडून नागपूरला नेली. तेव्हा मीही ते मीम्स पुढे पाठवले होते. आता वाटतं, 'सूड' हा शब्द त्या वानरांच्या डोक्यात कुणी घातला? आपणच. जनावरानं केलं की आपण हेतू चिकटवतो. आपण केलं की हेतू काढून घेतो. मांजर "मुद्दाम" घाण करते, आणि मी "मुद्दाम नाही" विष ओतलं.

खरं तर उलटं असायला हवं. त्या पिल्लाला तुळस म्हणजे काय ते ठाऊक नाही. मला मात्र बाटलीवरची सूचना वाचता येत होती. मी ती वाचली नाही.

पंधराव्या श्लोकाकडे परत येतो. त्यात हेतूचा प्रश्नच नाही, हे मला इतक्या वर्षांत दिसलं नव्हतं. "जो कुणाला त्रास द्यायचं मनात आणत नाही" असं तिथे म्हटलेलं नाही. ज्याच्यामुळे दुसऱ्याला उद्वेग *होत नाही*, असं आहे. म्हणजे मोजमाप माझ्या मनात होत नाही, समोरच्याच्या अनुभवात होतं. आमच्या ऑफिसात हे रोजचं आहे. रात्री दोनला सर्व्हर बसला तर पहिला प्रश्न कुणाला किती फटका बसला हा असतो. "मी मुद्दाम नव्हतं केलं" हे कुणी विचारतही नाही, ते गृहीतच असतं. ऑफिसात जे सहज मान्य करतो ते परसात मान्य करायला मला एक पिल्लू लागलं.

मग हेतूला काहीच किंमत नाही का? आहे. पिल्लू मरावं म्हणून ओतणं आणि निष्काळजीपणे ओतणं यात फरक आहेच, कायदाही तो करतो. पण तो फरक मला शिक्षा किती व्हावी हे ठरवायला उपयोगी. पिल्लाच्या जिभेला त्याचा काय उपयोग?

आणि श्लोकाचा दुसरा अर्धा भाग? लोकांमुळे ज्याला उद्वेग होत नाही तो. इथे माउली ज्ञानेश्वरीत समुद्राचा दाखला देतात: समुद्र उसळला तरी जलचरांना त्याची भीती वाटत नाही, आणि जलचरांना समुद्र कंटाळत नाही. दाखला सुंदर आहे, पण वाचताना मला हसू आलं. मासे, कासवं सगळी त्या पाण्यातच सगळं करतात, आणि समुद्र काही बोलत नाही. पण माउली, आमची बाग बारा बाय पंधरा आहे. समुद्राला पोटुशी ताई नसते. माझ्या मते 'उद्वेग नसणं' म्हणजे काहीच न करणं नव्हे. उद्वेगानं हात चालवू नये, एवढंच मला सध्या कळतं. शनिवारी मी काही केलं ही चूक नव्हती, चिडून केलं ही होती. चिडलेला माणूस बाटलीवरचं वाचत नाही.

आता काय केलंय ते सांगतो, कारण तुमच्यापैकी अनेकांच्या बाल्कनीत, सोसायटीच्या बागेत हाच प्रश्न असणार. वाफ्यांवर कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी आडवी अंथरली. मेथी तिच्यातून वर येते, मांजराला उकरता येत नाही. तुळशीच्या बुंध्याशी मोठे खडे लावले. परदेशी व्हिडिओंमध्ये मांजर आलं की आपोआप उडणारे पाण्याचे फवारे दाखवतात. आईला दाखवलं तर म्हणाली, "इथं माणसाला न्हाई पाणी." (आमच्या नदीचं नावच मांजरा आहे, पण म्हणून ती मांजरांसाठी वाहत नाही.) आणि भिंतीपलीकडे मावशींच्या अंगणात कोरड्या वाळूचं मोठं घमेलं ठेवलंय. ते रोज साफ करायचं. त्या परजीवीला विष्ठेतून संसर्गजन्य व्हायला किमान एक दिवस लागतो, म्हणून रोज.

पण घमेलं ठेवायचं तर मावशींना सांगावं लागणार होतं. दहा दिवस टाळलं. मग एका संध्याकाळी, त्या भाकरी कुस्करत असताना, सांगितलं. फरशीसाठी नव्हतं आणलं, सांडलंही नव्हतं.

त्यांनी मान वर केली नाही. म्हणाल्या, "वासावरून कळलंच होतं मला. तू कधी सांगतो ते बघत होते."

मग विचारलं, वाळू कुठून आणणार. मी म्हणालो, समोर बांधकाम चालू आहे तिथून, विचारून. म्हणाल्या, चाळून आण, खडे नको त्यात.

तीन मांजरं आता घमेल्यात जातात, करडं पिल्लूही. बोका अजून मानत नाही. काल रात्री त्यानं जाळीचा एक कोपरा उचललाय असं आई आतून सांगतेय, आणि पुढे "मुद्दाम करतंय ते" असंही म्हणतेय.

उद्या श्लोक १६. त्यात भक्ताच्या लक्षणांत 'शुचि' आहे, म्हणजे स्वच्छ. आता उठतो, साडेसहा झाले, घमेलं बघायचंय.

राम कृष्ण हरी.