अडवलेला पगार

मिरजेत सदाशिवरावांची बेकरी होती. लादी पावाला गिऱ्हाईक भरपूर, पण कारागीर टिकत नसत. सणाला गावी गेलेला माणूस परत येईलच याची खात्री नसे. शेवटी त्यांनी प्रत्येकाचा महिन्याचा पगार अडकवून ठेवायला सुरुवात केली. तर दोघेजण त्या पगारावर पाणी सोडून गेले.

मुलगी मुक्ता सूक्ष्मजीवशास्त्र शिकत होती. एका दुपारी तिने भट्टीवरचंच थोडं यीस्ट पाण्यात कालवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं आणि वडिलांना बोलावलं. टपोऱ्या, लांबट गोल पेशी. काहींना बाजूने कळी फुटलेली. मग तिने काचेच्या कडेने मिठाच्या पाण्याचा थेंब सोडला. बघता बघता पेशी आक्रसल्या.

"बाहेर मीठ वाढलं, बाबा. आतलं पाणी निघून गेलं."

"मग दारं लावून घ्यायची!"

"पाण्याची दारं असतात खरी. त्यांना ॲक्वापोरिन म्हणतात. त्यांच्या शोधाबद्दल पीटर ॲग्रे यांना 2003 साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पण पाणी कुठल्या बाजूला जाणार, हे दार ठरवत नाही. शिवाय दार लावलं तरी पाणी पेशीच्या पातळ पटलातून झिरपतंच. आणि पाणी आत ओढणारा पंप यीस्टकडे नाही."

सदाशिवरावांनी भिंगावरून डोळा काढला नाही. "म्हणजे मेल्या या?"

"मीठ फारच झालं तर मरतील. नाहीतर साखरेतून ग्लिसरॉल बनवतील. ते बाहेर जाऊ नये म्हणून त्याची वाट मात्र बंद करतात. वाढ थांबते, साखर खर्ची पडते, पण आतला साठा वाढला की पाणी आपोआप परत येतं."

"आपोआप?"

"हो. कुणाला ओढावं लागत नाही."

ते बराच वेळ बसून राहिले. रात्री त्यांनी वही काढून अडकवलेले सगळे पगार चुकते केले. गेलेल्या दोघांचेही गावी पाठवले. आठवड्याची सुट्टी भरपगारी केली. भट्टीच्या वरच्या खोलीत, जिथे कारागीर घामाने निथळत झोपत, तिथे खिडकी पाडून पंखे बसवले. त्या वर्षी नफा घटला, बेकरीचं नवं दुकान पुढे ढकलावं लागलं.

दिवाळीला सगळे कारागीर गावी गेले. एकजण परतला नाही. बाकीचे भाऊबीज उरकून आले, आणि पगारावर पाणी सोडून गेलेल्या दोघांपैकी एकजणही त्यांच्याबरोबर आला.