वसंतरावांचे नाव

गेल्या दिवाळीत, भाऊबीजेच्या संध्याकाळी, आमच्या दारव्ह्याच्या घरात एक लहानसा खटला उभा राहिला. आरोपी होती माझ्या धाकट्या भावाची नात. वय वर्षे सव्वीस, पुण्यात एका कंपनीत बऱ्या पगाराची नोकरी. आणि ती नोकरी सोडून आपण पुरा वेळ गाण्याला देणार, असे तिने फराळाच्या ताटावरच जाहीर करून टाकले. माझी पुतणी, म्हणजे तिची आई, पदराने डोळे टिपू लागली. जावई काही बोलले नाहीत. पण पुढ्यातल्या चकलीचे त्यांनी इतके बारीक तुकडे केले की त्यांच्या मनात काय चालले आहे हे सर्वांना कळले. घरातला सर्वांत वडील माणूस म्हणून न्यायाधीशाचे आसन आपोआप माझ्याकडे आले.

मी जन्मभर शाळामास्तर. निकाल द्यायला मला वेळ लागत नाही. घसा साफ करून मी सुरुवातही करणार होतो, आणि जिभेवर जे वाक्य आले होते ते असे : "अग, वसंतराव देशपांड्यांनीसुद्धा आधी नोकरी केली!" पण तेवढ्यात माझी नजर दाराजवळ बसलेल्या धाकट्याकडे गेली. तो अडकित्त्याने सुपारी कातरत होता. त्याचा हात थांबला होता आणि तो माझ्याकडे पाहत होता. मी वाक्य गिळले आणि म्हणालो, "उद्या सकाळी सांगतो."

ते वाक्य मी का गिळले, हे सांगण्यासाठी आधी वसंतरावांविषयी सांगितले पाहिजे.

वऱ्हाडातल्या माणसाला वसंतराव आपल्या घरचे वाटतात. त्यांचा जन्म 2 मे 1920 चा, अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरचा. यवतमाळहून दारव्हा, कारंजा करीत जी 'शकुंतला' नावाची चिमुकली गाडी जात असे, तिचे शेवटचे स्टेशन हे मूर्तिजापूर. आता ती गाडी धावत नाही; पण आम्हां दारव्हेकरांना लहानपणी जग म्हणजे काय हे ठाऊक होते ते त्या रुळांच्या दुसऱ्या टोकावरून. वसंतरावांना त्यांच्या आईने, राधाबाईंनी, एकटीने कष्ट करून नागपूरला वाढवले. शंकरराव सप्रे यांच्याकडे त्यांची गाण्याची तालीम सुरू झाली. भालजी पेंढारकरांनी या मुलाला 'कालियामर्दन' चित्रपटात कृष्णाची भूमिका दिली. तरुणपणी ते लाहोरला गेले आणि तेथे असद अली खाँसाहेबांकडून मारवा शिकले. सुरेशबाबू माने यांच्यासारख्या गुरूंकडून त्यांनी विद्या घेतली. आणि मास्टर दीनानाथांची गायकी तर त्यांच्या रक्तातच भिनली.

एवढी विद्या अंगी असलेला हा माणूस पुढे काय झाला? पुण्याच्या लष्करी हिशेबखात्यात कारकून झाला. एकदोन वर्षे नव्हे, वीसहून अधिक वर्षे. खात्याने बदली केली तेव्हा ते ईशान्येला, त्या काळी ज्याला नेफा म्हणत त्या मुलखातही जाऊन आले. 1960 नंतरच्या दशकाच्या मध्यावर त्यांनी नोकरी सोडली, तेव्हा वयाची पंचेचाळिशी आली होती. आणि मग 24 डिसेंबर 1967 रोजी 'कट्यार काळजात घुसली' हे नाटक रंगभूमीवर आले. लेखक नागपूरचे पुरुषोत्तम दारव्हेकर, म्हणजे आडनावातच आमचे गाव घेऊन फिरणारा माणूस. संगीत जितेंद्र अभिषेकींचे. आणि खाँसाहेब आफताब हुसेनच्या भूमिकेत वसंतराव. त्या नाटकाचे पुढे हजारावर प्रयोग झाले आणि काल-परवापर्यंत कारकून असलेला हा माणूस मराठी मुलखात घरोघर पोहोचला. पुढे 'अष्टविनायक' चित्रपटात (1979) त्यांनी मुलीच्या पाठवणीचे जे गाणे गाइले, ते लग्नमांडवात लागले की मुलीचा बाप अजूनही कोपरा शोधतो.

आम्ही दोघा भावांनी 'कट्यार' पाहिले ते 1971 साली, नागपूरला. यष्टीने लवकर पोहोचता आले असते. पण धाकट्याचा हट्ट की शकुंतलेनेच जायचे आणि मूर्तिजापूरला गाडी बदलायची. वसंतरावांच्या गावची माती पायाला लागली पाहिजे, असे त्याचे म्हणणे. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता आणि त्याचा गळा साऱ्या तालुक्याला माहीत होता. परतीच्या वाटेवर, रात्री मूर्तिजापूरच्या फलाटावर गाडीची वाट पाहत आम्ही बसलो असताना, तो खाँसाहेबांच्या ताना घोळवीत राहिला. शेजारच्या बाकावरचा एक हमाल उठून जवळ येऊन बसला, आणि गाडी आली तेव्हा त्याने आमची पिशवी डब्यात ठेवली आणि पैसे घेतले नाहीत. धाकट्याच्या गाण्याला मिळालेली ती पहिली बिदागी. शेवटचीही बहुधा तीच.

कारण पुढच्याच वर्षी दुष्काळ पडला. वडील आधीच गेले होते. पाच एकर कोरडवाहू जमीन, एक बहीण लग्नाची, आणि माझा मास्तरकीचा पगार. 1973 च्या उन्हाळ्यात त्याचे यवतमाळचे गुरुजी घरी आले आणि म्हणाले, "याला पुण्याला पाठवा. दोन-तीन वर्षे काढली तर हा मुलगा नाव काढेल." आई चुलीपुढून म्हणाली, "पोराचा गळा गोड हाये गुरुजी, पण गळ्यानं चूल पेटत नाही." तिचे ते म्हणणे सरळ होते, त्यात भय होते आणि ते भय तिने लपवले नाही. मी मात्र शिकलेला. मी भयाला भय म्हटले नाही. मी म्हणालो, "वसंतरावांचंच पाहा ना. एवढा मोठा गवई, पण आधी नोकरी केली, संसार उभा केला. खरं गाणं कुठं पळून जात नाही. तूही आधी पायावर उभा राहा."

धाकटा काही बोलला नाही. सहा महिन्यांत त्याला एका कचेरीत कारकुनी मिळाली. बहिणीचे लग्न झाले, घरावर पत्रे जाऊन स्लॅब आला, आणि 2010 साली तो हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाला. पहाटेच्या काकडआरतीत त्याचा आवाज ऐकू येतो. तेवढेच त्याचे गाणे.

त्या रात्री मला झोप आली नाही. प्रश्न जुनाच आहे. माणसाच्या अंगी एखादी देणगी असली, तर तो अधिक कुणाचा देणेकरी : त्या देणगीचा की घरातल्या माणसांचा? गीतेने स्वधर्म सांगितला. पण कारकुनाच्या पोटी जन्मलेल्या गवयाचा स्वधर्म कोणता, हे प्रत्येकाला आपापल्या कुरुक्षेत्रावर ठरवावे लागते. घर सोडून कलेमागे गेलेल्या माणसांच्या आपण आरत्या ओवाळतो, पण त्या आरतीचे तेल कुणाच्या घरातून आले हे विचारत नाही. तुकोबांची जिजाई आपल्या लक्षात राहते ती कजाग बायको म्हणून. विठ्ठलाच्या नादी लागलेल्या माणसाच्या मुलांना रोज दोन घास कुठून घालायचे, हा तिचा प्रश्न मात्र आपण तिच्याजवळच ठेवून येतो. तेव्हा घराची बाजू क्षुद्र, असे मी आजही म्हणणार नाही. वसंतरावांनी कचेरीत घालवलेली वर्षे मला वाया गेलेली वाटत नाहीत. ज्या मुलाने आईचे कष्ट पाहिले, त्याला महिन्याच्या पगाराची किंमत कुणी शिकवावी?

पण वसंतरावांच्या आयुष्यातला एक हिशेब मी 1973 साली केलाच नव्हता. आणि तेव्हा तो करता आलाही नसता. ते 30 जुलै 1983 रोजी गेले, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी. म्हणजे 'कट्यार'नंतर त्यांना मिळाली ती जेमतेम साडेपंधरा वर्षे. गाणे कुठे पळून जात नाही हे माझे म्हणणे खरे असेलही. पण गाणारा जातो. आणि दुसरे असे की, त्या नोकरीच्या वर्षांत वसंतराव नुसते वाट पाहत बसले नव्हते. ते शिकत होते, मैफली करीत होते, नाटक-चित्रपटांतून गात होते; पुण्यात त्यांच्याभोवती गाण्याने वेडी झालेली जिवाभावाची माणसे होती. पु. ल. देशपांड्यांसारखा मित्र होता. दारव्ह्याच्या माझ्या भावाच्या कचेरीत संध्याकाळी सहाला कुलूप लागले की उरत होते ते घर, विहीर आणि उद्याचे टपाल. मी त्याला वसंतरावांची नोकरी दाखवली, वसंतरावांचे पुणे काही मी त्याला देऊ शकलो नव्हतो.

त्याच संध्याकाळी नातीने मला एक उलटा दाखला दिला होता. युरोपातल्या उत्तर मॅसेडोनिया नावाच्या लहानशा देशातल्या एका गायकाचे गाणे तिने मला आपल्या मोबाइलवर ऐकवले. तोशे प्रोएस्की त्याचे नाव. क्रुशेवो नावाच्या डोंगरातल्या गावात वाढलेला मुलगा. 2004 साली युरोव्हिजनच्या स्पर्धेत तो आपल्या देशातर्फे गायला, आणि देशाचा लाडका झाला. 16 ऑक्टोबर 2007 रोजी क्रोएशियात मोटारीच्या अपघातात तो गेला आणि सगळा देश सुतकात बुडाला. "मोठे आबा," ती म्हणाली, "तेव्हा त्याचं वय सव्वीस होतं. त्यानं आधी पायावर उभं राहायचं ठरवलं असतं तर?"

भाषा कळत नव्हती, पण आवाज ओळखीचा वाटला. आमच्या फलाटावरच्या आवाजाच्या वयाचा. तरीही रात्री अंथरुणावर पडल्या-पडल्या मला जाणवले की तिनेही माझीच चूक केली आहे. मी एका दीर्घ आयुष्यातून सबुरीचा नियम काढला. ती एका तोकड्या आयुष्यातून घाईचा नियम काढीत होती. पण माणसाचे आयुष्य म्हणजे न्यायालयातला दाखला नव्हे. वसंतरावांनी जे सोसले ते स्वतःसाठी निवडून सोसले. कर्तव्याची सारी थोरवी या निवडण्यात आहे. स्वतःच्या खांद्यावर घेतलेल्या भाराला आपण कर्तव्य म्हणतो. तोच भार आपण दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवला आणि वर एखाद्या थोर माणसाचे नाव चिकटवले, तर त्याला काय म्हणावे? मी धाकट्याला सरळ म्हणायला हवे होते, "मला भीती वाटते. एकट्याच्या पगारात हे घर मला ओढवणार नाही. तू थांब." तो थांबलाच असता. पण मग ते माझे त्याच्याकडचे ऋण ठरले असते. वसंतरावांचे नाव घेऊन मी ते ऋण चुकवले. त्यालाच उपदेश केला आणि वर शहाणा ठरलो.

'कट्यार'मधला खाँसाहेब आपल्या घराण्याची विद्या मुठीत घट्ट धरून बसतो. दाराशी आलेल्या सदाशिवाला ती मिळू नये म्हणून त्याचा जीव तळमळतो. मानाच्या त्या कट्यारीने त्याला एक खून माफ आहे, आणि तरी शेवटी ती चालवणे त्याला जमत नाही. कारण समोर उभे असते ते गाणे. पन्नास वर्षांपूर्वी मी ते नाटक पाहून टाळ्या वाजवल्या होत्या. आणि दोन वर्षांनी माझ्या घरात, हातात कट्यार नसताना, मी काय केले? मलाही त्या खुनाची शिक्षा कुणी केली नाही. घराने तर मला कर्ता पुरुष म्हटले.

पहाटे उठून मी ओसरीवर आलो. धाकटा अंगणात पणत्या गोळा करीत होता. मी त्याच्याजवळ गेलो आणि आयुष्यात प्रथमच विचारले, "तेव्हा मी तुला अडवलं, त्याचा राग आहे का रे?"

त्याने पणतीतली वात काढली, उरलेले तेल दुसरीत ओतले. मग म्हणाला, "नोकरी वाईट नव्हती, भाऊ. ताईचं लग्न झालं, आईचं दुखणं निभावलं. तुम्ही नुसतं थांब म्हटलं असतं तरी मी थांबलोच असतो. पण तुम्ही वसंतरावांचं नाव घ्यायला नको होतं. त्यानंतर मला त्यांचं गाणं कधी धड ऐकता आलं नाही."

बावन्न वर्षे एका घरात राहून ही गोष्ट मला ठाऊक नव्हती.

चहाच्या वेळी सगळे जमले. मी नातीला म्हणालो, "निकाल देण्याचा अधिकार मला नाही. दोन गोष्टी मात्र सांगतो. नोकरी सोड किंवा ठेव; पण वसंतरावांचं नाव घेऊन ठेवू नकोस, आणि त्या मॅसेडोनियाच्या पोराचं नाव घेऊन सोडू नकोस. जे करशील ते स्वतःच्या नावावर कर. आईला तिची भीती बोलू दे आणि ती ऐकून घे. दुसरी गोष्ट म्हणजे, तू सोडलीस तर पुण्याच्या खोलीचं वर्षभराचं भाडं माझ्या पेन्शनीतून जाईल. हे दान समजू नकोस. मी एका माणसाचं जुनं देणं लागतो."

पुतणीने माझ्याकडे पाहिले, मग आपल्या वडिलांकडे. कुणीच काही बोलले नाही. जावयांनी मात्र पहिल्यांदाच तोंड उघडले आणि विचारले, "पण ही गाते तरी कशी? आम्ही कधी नीट बसून ऐकलंच नाही."

तेव्हा तिने तिथेच सतरंजीवर बसून भैरव धरला. आवाज सुरुवातीला कापत होता, मग ठरला. धाकटा भिंतीला टेकून, डोळे मिटून ऐकत होता. एका जागी त्याने हात वर करून तिला थांबवले.

"हा रिषभ पुन्हा लाव," तो म्हणाला. आणि आधी स्वतः लावून दाखवला.