लीलासूत्र आणि प्लॅस्टरचे डोंगर

ईश्वर आप्तकाम आहे, त्याला मिळवावयाचे असे काहीच उरलेले नाही, तर मग ही सृष्टी उभारण्याची उठाठेव त्याने कशासाठी केली, हा आक्षेप आपल्याकडे फार जुना आहे. आणि लोकव्यवहारात जशी निष्प्रयोजन क्रीडा दिसते तशीच ही केवळ लीला होय, हे बादरायणाने ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात दिलेले उत्तरही तितकेच प्रसिद्ध आहे. शंकराचार्यांनी त्यावर भाष्य करताना सर्व इच्छा पुरलेल्या राजाच्या क्रीडेचा दृष्टान्त दिला. परंतु राजांची क्रीडा म्हणजे बहुधा मृगया, आणि मृगयेत हरिणाचे काय होते हे आठवले म्हणजे तो दृष्टान्त मनात खुपत राहतो. त्याहून निरुपद्रवी, आणि सृष्टिरचनेच्या अधिक जवळचा असा दुसरा दृष्टान्त विसाव्या शतकाने पुरविला आहे. घराच्या तळघरात छोट्या आगगाडीचे रूळ अंथरून त्यांच्याभोवती डोंगर, नद्या आणि पूल उभारीत वर्षानुवर्षे रमणाऱ्या प्रौढ गृहस्थांचा हा दृष्टान्त आहे.

या गृहस्थांत अमेरिकेतील जॉन अ‍ॅलन याचे नाव अग्रभागी घेतले जाते. तो पेशाने छायाचित्रकार. कॅलिफोर्नियातील माँटेरी या गावी आपल्या घराच्या तळघरात त्याने १:८७ या प्रमाणात जी रेल्वे मांडली, तिचे डोंगर जमिनीपासून थेट छतापर्यंत चढलेले होते, दऱ्यांवर उंच लाकडी पूल होते, आणि जागा संपली तेथे आरसे लावून त्याने तिला आणखी विस्तार दिला होता. इतक्या काटेकोर सृष्टीत डबे ढकलण्याच्या कामावर त्याने स्टेगोसॉरस जातीची एक डायनोसॉर मादी नेमली होती, आणि तिचे नाव एम्मा. लीला या शब्दाला शोभेल असा लहरीपणा यापरता कोणता असू शकेल?

हे डोंगर होतात कसे, ते पाहण्याजोगे आहे. प्रथम लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, त्यावर ताणून बसविलेली तारेची जाळी, जाळीवर प्लॅस्टरमध्ये भिजविलेले कागद, आणि तो थर वाळून कठीण झाला म्हणजे रबरी साच्यांतून काढलेले कातळ त्यात बसवून त्यांवर पातळ रंगाचे हात फिरवावयाचे, म्हणजे भेगांत काळोख साचतो आणि उंचवटे उजळ राहतात. रुळांखालची खडी पाणी घातलेल्या गोंदाने पक्की करतात. पण त्या गोंदात साबणाचा एखादा थेंब टाकावा लागतो, नाहीतर तो खडीत झिरपतच नाही. खरे पाणी मात्र येथे चालत नाही. पाण्याचा पृष्ठताण आणि त्याचे थेंब त्या प्रमाणात लहान होत नाहीत, त्यामुळे सत्त्याऐंशी पटींनी लहान केलेल्या ओढ्यात खरे पाणी खोटे दिसते, आणि वार्निशाचे किंवा राळेचे थर एकावर एक ओतून केलेले पाणी खरे दिसते.

पुलाची गोष्ट याहूनही विलक्षण आहे. आपल्या जगात दरी आधी असते आणि पूल तिच्या गरजेतून येतो. या जगात जाणते कारागीर पूल आधी टेबलावर जुळवून घेतात, तो रुळांच्या मार्गात बसवतात, आणि मग त्याच्या पायांच्या मापाने दरी घडवितात. म्हणजे पुलाकरिता नदी, आणि नदीकरिता डोंगर. शिवाय त्या पुलाला वाहण्यासारखा भारही नसतो. सर्व मापे सत्त्याऐंशी पटींनी कमी केली, तर वजन साडेसहा लाखांहून अधिक पटींनी घटते, पण खांबांचे छेदक्षेत्र अवघे साडेसात हजार पटींनी. तेव्हा पदार्थ तोच असल्यास हा पूल आपल्या भाराच्या मानाने मूळ पुलाहून सत्त्याऐंशी पट भक्कम ठरतो. त्यातले निम्मे तिरपे आधार काढून टाकले तरी गाडी खुशाल जाईल. ते तेथे आहेत ते दिसावयाचे म्हणून आहेत.

आता कल्पना करा, की या खोऱ्यात एखादा चिकित्सक रहिवासी जन्मास आला. तो कातळांचे थर तपासील आणि नदीने हे खोरे कोरले असा निष्कर्ष काढील. पुलाच्या आधारांवरून भाराचे गणित मांडील. इंजिनावरचा गंज पाहून त्यावर किती पावसाळे गेले याचा अदमास घेईल. त्याची तर्कपद्धती निर्दोष असेल आणि निष्कर्ष मात्र एकजात चुकतील, कारण तो गंज काल संध्याकाळी ब्रशाने लावलेला आहे. नव्या वस्तूला जीर्णतेचा रंग देण्याच्या या कलेत अ‍ॅलन अग्रणी मानला जातो.

माणसाच्या जगाविषयी नेमका हाच सिद्धान्त एकाने गंभीरपणे मांडलेला आहे. फिलिप हेन्री गॉस हा इंग्रज निसर्गशास्त्रज्ञ, काचेच्या मत्स्यालयांची आवड लोकांत रुजविणारा आणि बायबलावर अक्षरशः श्रद्धा ठेवणारा. १८५७ साली, डार्विनच्या ग्रंथाच्या दोन वर्षे आधी, त्याने ‘ऑम्फलॉस’ हे पुस्तक लिहून असे प्रतिपादिले, की देवाने जग निर्मिले तेच मुळी जुने दिसणारे: वृक्षांच्या खोडांत न उलटलेल्या वर्षांची वलये, खडकांत कधीही न जगलेल्या प्राण्यांचे अवशेष. त्यावर चार्ल्स किंग्जली या त्याच्याच धर्मोपदेशक मित्राने कळविले, की देवाने खडकांवर एवढे प्रचंड आणि अनावश्यक असत्य लिहून ठेवले असे माझ्याने मानवत नाही. गॉसचे म्हणणे खोडून काढता येत नाही, आणि तेच त्याचे वैगुण्य आहे. जे दप्तर पहिल्या कागदापासून बनावट, त्यात खोडाखोड शोधणार कोठे?

मग अ‍ॅलन असत्य बोलत होता काय? मला तसे वाटत नाही. त्याचा गंज पाहणारा प्रत्येक मनुष्य त्या सृष्टीच्या बाहेर उभा होता, जिना उतरून आला होता आणि जिना चढून परत जाणार होता. त्या खोट्या भूतकाळाला तो राजीखुशीने मान्यता देत होता. गॉसच्या देवाने मात्र जिना ठेवलेला नाही. आत कोंडलेल्याला दिलेला खोटा पुरावा ही फसवणूक, आणि बाहेरच्याला दाखविलेला तोच पुरावा ही कला, इतका भेद केवळ पाहणारा कोठे उभा आहे यामुळे पडतो.

लीलेच्या उत्तराचीही परीक्षा याच ठिकाणी होते. ६ जानेवारी १९७३ रोजी अ‍ॅलन वारला, आणि त्यानंतर दहाच दिवसांनी लागलेल्या आगीत त्याची ती सृष्टी जवळजवळ सगळी भस्मसात झाली. छंदिष्टांना हळहळ वाटली, पण त्या गावांतील एकाही रहिवाशाची फिर्याद आली नाही, कारण आत कोणीच नव्हते. याच्या उलट आपला बोरघाट घ्या. १८६३ साली त्या घाटातून गाडी सुरू झाली. त्याचे कंत्राट घेणारा सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली येथे आल्यावर लवकरच वारला, त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने ते काम पुढे चालविले, आणि बोगदे खोदणारे व पूल बांधणारे मजूर पटकीने, तापाने आणि अपघातांनी हजारोंनी मेले. त्या घाटाची हुबेहूब प्रतिकृती कोणी केली, तर ती लीला होईल. खुद्द घाटाला तो शब्द लावणाऱ्याने आधी त्या मजुरांच्या बिऱ्हाडी जाऊन यावे.

बादरायणाला हे दिसत नव्हते असे मुळीच नाही. लीलासूत्र लिहून त्याने लेखणी ठेवली नाही. लगेच पुढच्याच सूत्रात ईश्वरावर येणारा पक्षपाताचा आणि निर्दयतेचा आरोप त्याने विचारात घेतला, आणि ईश्वर प्राण्यांच्या कर्मांना अनुसरूनच सृष्टी करतो, अशी कैफियत दिली. पहिल्या सृष्टीपूर्वी कर्म कोठून आले, असे कोणी विचारताच त्याने संसार अनादि ठरविला. गॉसने जगाला खोटा भूतकाळ दिला. बादरायणाने भूतकाळ खरा ठेवला आणि त्याचा आरंभच नाकारला. कर्माचा हा हिशेब माझे पुरते समाधान करीत नाही, कारण पटकीने मेलेल्या मजुराला त्याच्या कोणत्या कर्माचे फळ मिळाले हे त्याला कधीच कळत नाही. तरी आत राहणाऱ्याचीही काही बाजू आहे, हे त्यात मान्य झाले आहे. एकट्या लीलेत ते नाही. तेव्हा ‘सर्व त्याची लीला’ असे सांगून दुःखिताची बोळवण करणाऱ्या आमच्या कीर्तनकारांना आणि प्रवचनकारांना एवढीच विनंती, की त्यांनी त्या सूत्राच्या पुढचे सूत्रही त्याच बैठकीत सांगावे.